पदरावरचे पतंग

"आदी त्या बाईला आत बसवा, मगच पोरीची ओटी भरतो," असे म्हणून वरमाई शालूबाईंनी नारळ खाली ठेवला.

कसबा बावड्याच्या त्या अंगणात नंदिनीची सुपारी फोडण्यासाठी जमलेले सारे पाव्हणे तिची आई कालिंदी हिच्याकडे पाहू लागले. गॅसबत्तीचा लखलखाट सोडून करड्या पतंगांचा थवाच्या थवा तिच्या पदरावर, मनगटांवर येऊन बसत होता.

"करणीबिरणी हाय का वो ह्या घरात? आमच्या हातकणंगल्यात असलं न्हाय चालत," शालूबाई म्हणाल्या.

याचे कारण जाणणारे एक गृहस्थ अग्रभागी खुर्चीवर बसले होते. ते कृषी संशोधन केंद्राचे देशमाने साहेब. भुईमूग फस्त करणाऱ्या अळीचा पुढे पतंग होतो. त्यातील मादी ज्या गंधाने नराला बोलावते, तोच गंध कृत्रिम रीतीने सिद्ध होऊन केंद्रात येई. शेतातील सापळ्यांसाठी तो रबरी गोळ्यांत भरण्याचे काम कालिंदी दोन वर्षे उघड्या हातांनी करीत होती. तिने हातमोजे मागितले, तेव्हा "माणसाला हा वास येतच नाही," असे सांगून साहेबांनी विषय हसण्यावारी नेला होता.

"साहेब, तुमी तरी सांगा की ह्यास्नी," ती म्हणाली.

साहेबांनी चष्मा पुसला. "कालिंदीबाई, इथे बायकामाणसं बसली आहेत. नर काय, मादी काय... चारचौघांत हे शोभत नाही."

जाणत्याने सभेत मौन धरले, तर असत्याचे पातक त्याच्याच माथी येते. साहेबांनी ते पातक सभ्यता म्हणून मिरवले!

कालिंदीचा नवरा अंबादास सुपारी मुठीत धरून कुजबुजला, "जा की घटकाभर आत. पोरीचं जमतंय न्हवं?"

"का म्हणून जाऊ? माझ्याच घरात चोरी केली व्हय मी?" कालिंदी ताठ उभी राहिली. "ऐका, विहीणबाई. हे समदे नर हैत. मादीचा वास माझ्या अंगाला लागलाय, म्हणून येत्यात. नोकरी हाय माझी ती. करणी न्हाय."

कोणी तोंडाला पदर लावला, कोणी उगाच खोकले.

"अगं बया! हे तोंड हाय का गटार?" शालूबाईंनी नारळ पुन्हा पिशवीत घातला. मंडळी उठली. साहेब तर त्यांच्याही आधी निघून गेले होते.

अंगण रिकामे झाले. कालिंदी पायरीवर बसली. पतंग अजून तिच्याभोवती घिरट्या घालीत होते. नंदिनी पाटावरून उठून तिच्याकडे आली.

"लांब बस गं. तुझ्याबी अंगाला लागंल."

"लागू दे की," असे म्हणून, कोऱ्या साडीचा घोळ सावरीत, नंदिनी तिच्या मांडीला मांडी लावून बसली.