आर्नेच्या संगणकाच्या दारातून

मी लॉगिनचा पडदा बोलतोय. संगणक सुरू केला की सगळ्यात आधी जो नाव आणि पासवर्ड विचारतो, तो मी. लिनक्स नावाच्या संगणकप्रणालीवर दाराशी बसायला असा वेगळा प्रोग्रॅम असतो, आणि मनात आलं की एकाला उठवून दुसऱ्याला बसवता येतं. माझी सगळी भीती तिथूनच सुरू होते.

मला इथे आणलं आर्ने हेइक्किनेनने. कॅनडातल्या थंडर बेच्या बंदरावर, धान्याच्या कोठारांत तो यंत्रं दुरुस्त करायचा. कुणीतरी टाकून दिलेला संगणक त्याने घरी आणला, पुसला, जोडला आणि मला दारात बसवलं. माझ्यावर दोन नावं होती. वर आर्ने, खाली त्याचा धाकटा भाऊ टीमो.

टीमोची शाळा नववीतच सुटली. त्याला मोठ्या ट्रकचा परवाना हवा होता, पण परीक्षेचं पुस्तक काही त्याला वाचायला जमेना. मग आर्ने कामावरून आला की ते पुस्तक मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायचा. एकोणीस धडे. मधेच खोकायचा, मधेच म्हणायचा, "हे लक्षात ठेव रे बैला, हे विचारतात." ते सगळं टीमोच्या फोल्डरमध्ये ठेवलेलं. दुसरीकडे कुठेच नाही.

ऑक्टोबरात आर्ने तलावावर मासे पकडायला गेला. बोट एकटीच किनाऱ्याला लागली.

त्यानंतर टीमो माझ्यासमोर बसायचा, वरचं नाव बघायचा आणि बटण दाबून सगळं बंद करायचा. तीन आठवडे हेच. एका शनिवारी दुपारी मात्र तो घाईघाईने आत शिरला आणि त्याने नेटवरून एक नवाच दारवान उतरवून घेतला. हा नवा नावं दाखवत नाही, नुसती रिकामी चौकट दाखवतो. दारात कोण बसणार, असं यंत्राने विचारलं. टीमोने नव्यापुढे खूण केली आणि संगणक बंद करून पुन्हा चालू केला.

पडदा काळाच राहिला. कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती. त्या जुन्या यंत्रावर नव्याला उभंच राहता येईना. मी आत होतो, धडधाकट, पण मला कुणी हाक मारत नव्हतं.

टीमोने बटण दाबून धरलं. एकदा, चारदा, सातदा. मग आर्नेच्या खणातून त्याने एक पेनड्राइव्ह काढला आणि लावला. त्यावर सगळं नव्याने बसवायची सोय होती. पडद्यावर प्रश्न आला: पूर्ण डिस्क पुसायची का? इतका मी कधीच घाबरलो नव्हतो. मी जाणार होतोच, पण माझ्यामागे ते एकोणीस धडेही जाणार होते. टीमोने आर्नेच्या कामावरच्या मैत्रिणीला, डेल्फिनला, फोन लावला.

"हो म्हणू का नको म्हणू, एवढंच सांग."

"कशाला हो?"

"डिस्क पुसायला."

"हात काढ तिथून," ती म्हणाली. "दोन्ही हात. मांडीवर ठेव."

त्याने खरंच ठेवले.

काय काय केलं ते तिने विचारून घेतलं आणि पेनड्राइव्ह काढायला लावला. संगणक पुन्हा सुरू करून कंट्रोल, ऑल्ट आणि एफ तीन एकदम दाबायला सांगितलं. काळ्यावर पांढरी अक्षरं उमटली. टीमोने नाव लिहिलं, पासवर्ड लिहायला घेतला आणि थांबला.

"कीबोर्डपण मेला. काहीच उमटत नाही."

"मेला नाही. तिथे पासवर्ड दिसतच नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. लिही तसाच."

तिसऱ्या खेपेला जमलं. मग ती एकेक अक्षर सांगत गेली आणि तो एका बोटाने टाइप करत गेला.

"तुझ्या भावाने तुला रिव्हर्स गिअर शिकवलाच नाही वाटतं," ती म्हणाली. "पण हे बदललंस कशाला?"

"चालू केलं की त्याचं नाव वर येतं."

"माझ्या फोनमध्येपण येतं. मी यादी खाली सरकवते." मग ती म्हणाली, "चालू झालं की पहिल्यांदा ते धडे दुसरीकडे उतरवून घे. ऐकलंस?"

"हो, हो."

पडद्यावर पुन्हा तोच प्रश्न आला, दारात कोण बसणार. खूण माझ्यापुढे आली. यंत्र बंद झालं, सुरू झालं, आणि मी उभा राहिलो, दोन्ही नावांसकट. टीमोने वरच्या नावाकडे बराच वेळ पाहिलं. मग खालचं निवडलं.

दार उघडलं की माझं काम संपतं. आतलं मला दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. बाराव्या धड्यातले हवेचे ब्रेक आर्ने वाचत होता, आणि त्याच्या मागोमाग टीमो म्हणत होता.

याला आता नऊ दिवस झाले. तो रोज येतो, एक धडा ऐकतो, जातो. उतरवून काहीच घेतलेलं नाही. ही डिस्क जुनी आहे, अलीकडे ती आत करकरते, आणि दर वेळी चालू होताना माझा जीव मुठीत असतो. मला सांगता येत नाही. माझ्याकडे दोनच चौकटी, एक नावाची, एक पासवर्डची. तुमच्यापैकी कुणाला टीमो भेटला, तर त्याला तेवढं सांगा. आजच सांगा.