बिनचष्म्याचा फोटो

प्राचार्य रेमिगियस किबिनाई म्हणजे मटणाच्या करंज्या खातखातच प्रयोगशाळेत शिरले आणि मटणाच्या तुपकट बोटांनी टेबलावरचा संरक्षक चष्मा उचलला. काचेवर चारही बोटं उमटली. लेझरचा वर्ग घेणाऱ्या दांगुओलेबाईंना किळस आली. लेझरच्या खोलीत खायचं नाही, काचेला बोट लावायचं नाही, हे त्या आठ वर्षं पोरांना घसा फोडून सांगत होत्या. आणि हा बाबा!

"ध्यान दिसतंय नुसतं," चष्मा डोळ्यांना लावून प्राचार्य म्हणाले. "बाई, पोस्टरसाठी फोटोवाला आलाय. मुलांना हे घातलंत तर चेहरे कुठे दिसणार?"

"नाही दिसले तरी चालेल. डोळे शाबूत राहू देत."

"झालं तुमचं पुराण सुरू! अर्ज किती आलेत?"

"सात."

"आणि हवेत बारा. बारा झाले नाहीत तर सप्टेंबरात ही खोली केशकर्तनाच्या वर्गाला जाणार. मग बसा तुमचे डोळे सांभाळत!"

इथेच बाईंचा पाय अडकला. त्यांच्या हाताखालून गेलेली एकोणचाळीस पोरं आज विल्नियसच्या लेझर कारखान्यांत आरसे जुळवत होती, चांगलं कमावत होती. त्यातली कित्येक गावाकडून फाटके बूट घालून आलेली. वर्ग बंद पडला तर अशा पोरांना हे काम शिकवायला या भागात दुसरं कुणी नव्हतं.

बाई स्वतःही कारखान्यातूनच आलेल्या. पंधरा वर्षांपूर्वी डोळ्यांना न दिसणारा किरण जुळवताना, तो किरण पडला की चमकणाऱ्या खुणेच्या कार्डावरचा ठिपका फिका दिसतोय म्हणून त्यांनी चष्मा क्षणभर कपाळावर सरकवला होता. डोक्यात टप्प असा आवाज झाला. डाव्या डोळ्याच्या नजरेत मधोमध कायमचं भोक पडलं. पण ही गोष्ट पोरांपुढे काढायची नाही, अशी प्राचार्यांची सक्त ताकीद. म्हणे, प्रवेशाला आलेली पोरं पळून जातील.

बाईंनी किरण अगदी मंद केला, त्याच्या वाटेवर शेवटी किरण शोषून घेणारा काळा ठोकळा घट्ट बसवला. फोटोवाल्याने धूर सोडला. हवेत हिरवी रेघ उमटली आणि तीन पोरं बिनचष्म्याची तिच्यामागे उभी राहिली.

"मॅडम, तुमचाही काढा की चष्मा! आणि हसा जरा, कुणाच्या मयताला आलाय का?" फोटोवाला म्हणाला.

बाईंनी चष्मा काढला. आणि हसल्या. शी! हसल्या त्या.

"वा! इकडे बघा!" म्हणत प्राचार्यांनी मनगट हिरव्या रेघेत घातलं. मनगटावर हे भलंमोठं चकचकीत घड्याळ. घड्याळ, अंगठी उतरवल्याशिवाय या टेबलाजवळ फिरकायचं नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. हिरवा ठिपका घड्याळावरून उडाला, पोरांच्या केसांवरून सर्रकन गेला आणि छतावर नाचला. पोरांनी टाळ्या पिटल्या! बाईंनी झडप घालून किरण बंद केला.

"मजा आली," प्राचार्य म्हणाले आणि मिशीला लागलेला चुरा त्यांनी टेबलावरच झटकला.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्यांनी फडक्याने चुरा पुसून घेतला. आधी प्राचार्यांची किळस आली होती, आता स्वतःचीच येऊ लागली.

पोस्टर शहरभर लागलं. तेवीस अर्ज आले.

एक सप्टेंबरला, वर्गाच्या पहिल्या दिवशी, पोरं रिवाजाप्रमाणे फुलं घेऊन आली. बाईंनी अस्टरचे गुच्छ बादलीत ठेवले आणि एकेकाला टेबलापाशी बोलावलं. पहिली उग्ने आली. लांब वेणीची, चुणचुणीत पोर. चष्म्यांच्या फळीकडे न बघता ती किरण जिथून जातो थेट त्या उंचीला वाकली.

"अगं ए! चष्मा!"

"त्यात काय एवढं, बाई? पोस्टरवर कुठे कुणी घातलाय?" उग्ने हसली. "तुम्हीसुद्धा नाही."

मागे खसखस पिकली. लेझर अजून सुरू झाला नव्हता, तरी बाईंनी तिला खांद्याला धरून सरळ उभं केलं. त्यांनी तळव्याने उजवा डोळा झाकला आणि डाव्याने पोरीकडे पाहिलं.

"आत्ता मला तुझी वेणी दिसतेय. खांदे दिसतायत. चेहरा नाही दिसत. चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग आहे. पंधरा वर्षं झाली." मग आवाज चढवून, कुणाचीही भीडभाड न ठेवता, त्यांनी सगळं सांगितलं. कार्ड, कपाळावरचा चष्मा, तो आवाज.

एकाने आपणहून घड्याळ उतरवलं. उग्नेने फळीवरचा चष्मा घेऊन नीट बसवला, पण जागची हलली नाही.

"बाई," ती हळूच म्हणाली, "हे सगळं माहीत असून तुम्ही फोटोत हसलात कशा?"

बाईंनी डोळ्यावरचा हात खाली घेतला. तेवीस पोरं उत्तराची वाट बघत होती.