आठ आठवड्यांची सुई

पुलगावचा गादीवाला हिरालाल एकदा असा शिंकला, की स्टेशनात उभी असलेली पॅसेंजर शिट्टी समजून चालू लागली. खोटं वाटत असेल तर त्या ड्रायव्हरला विचारा. तो वारला हे खरं, पण म्हणून गोष्ट खोटी होत नाही.

पण यंदा त्याला शिंकायलाही दम उरला नव्हता. लोकांच्या जुन्या गाद्या उसवून कापूस पिंजता पिंजता, डोळ्यांना न दिसणाऱ्या धुळीतल्या किड्यांनी त्याच्या छातीशी वैर धरलं होतं. आणि माघात लेकीचं, सपनाचं लग्न. घरची रीत अशी, की लेकीची गादी बापानंच भरायची, त्यात आजीच्या गादीतला मूठभर कापूस मिसळायचा.

दिवाळीच्या तोंडावर वर्ध्याच्या डॉक्टरांनी ॲलर्जीवर, त्या किड्यांचाच अंश थोडाथोडा टोचून अंगाला सवय लावायच्या, दोन वाटा सांगितल्या. हळूवाली: दर आठवड्याला एक सुई, सहा महिने. घाईवाली: एका भेटीत दोन-तीन सुया, आठ आठवडे, त्रास व्हायचा धोका थोडा जास्त. पुढे डॉक्टर ‘पूर्ण डोस’, ‘मग महिन्याला एक’, ‘तीन वर्षं’ असं बोलत होते. हिरालाल मात्र आठावरच थांबला. तो मनात गादीची लांबी मोजत होता.

सुई घेतल्यावर अर्धा तास बाकावर बसावं लागे. तिथं पवनारचे रिटायर मास्तर प्रभाकरराव भेटत. त्यांनी पावसाळ्यातच हळूवाली धरली होती.

“काऊन हिरालालजी, एक्स्प्रेस पकडली म्हणे?”

“तुमच्या बैलबंडीत बसलो असतो मास्तर, तर पोरगी आजी झाली असती!”

“बसा, बसा एक्स्प्रेसमंदी. पण गाव तीन वर्षं लांब आहे, दोघायलेही.”

हिरालाल हसला. मास्तरांना चिडवायची खोडच होती.

आठवा आठवडा संपला. दंड सुजवून हिरालाल घरी आला आणि त्यानं माळ्यावरची आईची गादी खाली ओढली.

“अहो, डॉक्टरले एक फोन तरी करा,” त्याच्या बायकोनं, सुलोचनाबाईंनी, हटकलं.

“कोर्स झाला ना! आता किडेच मले भिऊन राह्यले.”

नवा कापूस भरून झाला. मग त्यानं आईची गादी उसवली आणि पहिली मूठ पिंजली. दुसरीला हात घातला, तेव्हा छातीत कुणी बोळा कोंबल्यासारखं झालं. बायकोला हाक मारायलाही हवा पुरेना.

दवाखान्यात डॉक्टर रागावले नाहीत, हेच वाईट. “आठ आठवड्यांत आपण फक्त पूर्ण डोसपर्यंत पोचलो होतो. गुण यायला त्यापुढे कित्येक महिने लागतात. आता छाती शांत होईतो सुया बंद. मग पुन्हा लहान डोसपासून.”

“अन् जुन्या गाद्या?”

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली.

लग्नाला नागपूरहून फोमची गादी आली, प्लॅस्टिकात गुंडाळलेली. “बाबा, तुमीच भरली समजीन मी,” सपना म्हणाली. तोंडाला मास्क लावून हिरालाल फाटकाशी उभा राहिला. त्यानं भरलेली गादी परसात भिंतीला टेकून होती. एका बाजूनं उघडी. ती शिवायला कुणाचा हात धजला नाही.

फाल्गुनात तो पुन्हा बाकावर बसला. प्रभाकरराव सरकले.

“मास्तर, बंडी कुठवर आली?”

“महिन्याची सुई सुरू झाली,” मास्तर हळूच म्हणाले.

हिरालालनं दंडावरचा कापसाचा बोळा दाबून धरला. सगळ्यात लहान डोस.

“चिडवा ना मास्तर.”

मास्तरांचा अर्धा तास संपला होता; तरी ते त्याच्याशेजारी बाकावरच बसून राहिले.