काळं पडणारं पान

उकायाली नदीकाठच्या त्या खेड्यात अल्सिदेस वैदूच्या पडवीपुढे माणसांची झुंबड उडाली होती. वैदूने टोपलीतलं, रानआईच्या राईतून खुडलेलं एक पान म्हाताऱ्या रोसाउराच्या तळव्यावर चुरडलं. बघता बघता चोथा काळाकुट्ट झाला.

"रानआई खोटं बोलत नाही!" वैदू गरजला. "हिनेच नातीला खाल्लं!"

चार वर्षांची एल्मिता तापाने गेली होती. तिला दवाखान्याच्या होडीवर न्या, असं रोसाउरा वैदूच्या तोंडावर म्हणाली होती, एवढाच तिचा गुन्हा. पण आता तिची सावली दिसली की बायका पोरांना आत ओढत. एल्मिताची आई नेलिदा ही रोसाउराची पोटची लेक. तिनेही आईशी बोलणं टाकलं. शहरातल्या वनस्पतिसंग्रहालयात सहा वर्षं झाडपाला वाळवून आलेली ही बाई, पण दुःखात शहाण्याचीही मती फिरते.

तरी एक गोष्ट तिला सलत होती. वैदू नुसती पानं खुडायचा. फांदी मोडली तर रानआईला लागतं म्हणे! संग्रहालयात मात्र सुटं पान आणलं की साहेब खेकसायचे, "फांदी कुठाय? ओळखू कशावरून?"

भर दुपारी ती राईत शिरली. रानआईची क्षमा मागून तिने फांद्या कापल्या. पानं हुबेहूब सारखी. पण समोरासमोरच्या दोन पानांच्या मधे, फांदीवर, इवलंसं टोक होतं. काही झुडपांवर ते अखंड, काहींवर दुभंगलेलं. दुभंगलेल्याचं पान चुरडलं की काळं पडे. अखंडाचं हिरवंच राही. तिने दहादा करून पाहिलं.

रविवारी सगळ्यांदेखत ती म्हणाली, "वैदूबाबा, हात पुढे करा." तिने दुभंगल्या टोकाच्या फांदीचं पान त्यावर चुरडलं. वैदूचा तळवा काळा झाला. "आता सांगा, तुम्ही कोणाला खाल्लंत?"

"फांद्या तोडल्यास! रानआई कोपली!"

"मग पानांच्या दोन वेगळ्या टोपल्या कशाला ठेवता हो?" मागून एक कोळी ओरडला. वैदूने टोपल्या घाईने मागे सरकवल्या.

"झाडाच्या जातीच दोन आहेत," नेलिदा म्हणाली. "पान जातीमुळे काळं पडतं, पापामुळे नाही. बाईला चेटकीण ठरवण्याआधी फांदी तरी बघा रे! आणि ताप आला तर दवाखाना गाठा."

घरी रोसाउरा अजून तळवा घासत होती. "मग मला तिचं रडणं का गं ऐकू येतं?"

नेलिदाने तो हात धरला. "मलाही येतं, आई. आपली होती ना ती."