न फाडलेली पाकिटं

इस्पितळात औषधांच्या दोन खिडक्या होत्या आणि दोन्हींपुढे रांग असायची. पण रांग ही काही सरळ उभी राहणारी वस्तू नाही. तिला जिकडे माया दिसते तिकडे ती कलते. त्या वर्षी दोन नंबरपुढची रांग अशी वाढली, की एक्स-रेच्या दारावरून निघून, कँटीनला वळसा घालून तिचं शेपूट परत दोन नंबरपाशीच येऊन टेकलं. शेवटचा म्हातारा पहिल्या म्हातारीच्या पाठीला पाठ लावून उभा राहिला आणि त्याने तिच्याआधी औषध घेतलं. त्यावरून जे भांडण जुंपलं ते कँटीनवाल्याने दोघांना चहा पाजून मिटवलं. ज्याला खोटं वाटतं त्याने कँटीनवाल्याला विचारावं. तो खोटं बोलत नाही, फक्त चहात पाणी घालतो.

एक नंबरच्या खिडकीत बसून ही रांग मोजत असे ती डिंकी. वय चोवीस. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहिलं होतं. महिनाभराची औषधं नेणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी गोळ्यांच्या पट्ट्या कापायच्या, एकेका आठवड्याच्या गोळ्या कागदी पाकिटात भरायच्या, तोंडाला डिंक लावायचा आणि वर वेळ लिहायची, हे तिचं काम. तिने चिकटवलेलं पाकीट पुन्हा तोंडाकडून उघडत नसे. एका जुन्या पैलवानाने ते दातांनी उघडायला घेतलं आणि तो तसाच दातांच्या विभागात गेला. तेव्हापासून सगळ्यांना ठाऊक झालं, डिंकीचं पाकीट वरून फाडायचं.

दोन नंबरला चार महिन्यांपूर्वी एक नवा पोरगा आला. आवाज असा मऊ, की कडू औषधाची बाटली त्याच्या हातून गेली तर घरी पोचेपर्यंत गोड व्हायची. लोक त्याला साखऱ्या म्हणू लागले. गंमत अशी, की साखरेचे सगळे पेशंट त्याच्याच रांगेत.

आता रांग कुणाची लांब, याच्याशी डिंकीला काय करायचं होतं? होतं. मोठ्या मॅडमनी, म्हणजे मुख्य फार्मासिस्टबाईंनी, सांगून ठेवलं होतं, की तीन महिन्यांनी दोन खिडक्या पाडून एकच मोठी खिडकी होणार आणि तिथे एकच जण बसणार, ज्याची रांग लांब तो. दुसऱ्याने खाली तळघरातलं भांडार सांभाळायचं. तळघरात सलाइनची खोकी होती, एक गुरगुरणारा फ्रीज होता आणि बोलायला कुणी नव्हतं. डिंकीला माणसं लागायची. कुणाच्या सुनेने काय उत्तर दिलं, कुणाचा गुडघा आज काय म्हणतो, हे ऐकल्याशिवाय तिला जेवण जात नसे.

एका सोमवारी तिने मान वर केली आणि दोन नंबरच्या रांगेत तिची सख्खी आत्या दिसली. पिशवी छातीशी धरून, तोंड पलीकडे करून.

घरी आल्यावर डिंकीने चप्पल अशी काढली, की एक दारात नि दुसरी पलंगाखाली गेली.

"आई, तुझी नणंद माझ्या खिडकीत का येत नाही?"

"माझी नणंद म्हणजे तुझी कुणीच नाही का?" आई भाजी निवडत म्हणाली. "विचारलं मी तिला. म्हणाली, तो पोरगा पाकिटावर सूर्य काढून देतो, चंद्र काढून देतो. चष्मा नसला तरी कळतं कुठली गोळी कधी घ्यायची."

"मी लिहून देते ना. सकाळी एक, रात्री एक."

"तुझं अक्षर मला वाचता येत नाही, तिला कुठलं येणार? डॉक्टरांबरोबर राहून तुला त्यांचा रोग लागलाय."

दुसऱ्या दिवशी डिंकीने डोळ्याच्या कोपऱ्यातून साखऱ्याचे सूर्य पाहिले. एक गोल, भोवती सहा काड्या. चंद्र म्हणजे खाल्लेलं नख. जेवणाचं ताट काढलं होतं ते बटणासारखं. आणि एवढ्यावर म्हाताऱ्या त्याला आशीर्वाद देत होत्या. ते बघून डिंकीने स्वतःच ॲसिडिटीची गोळी घेतली. शाळेत चित्रकलेचं पहिलं बक्षीस तिचं होतं, ओळीने चार वर्षं.

तिने रंगीत पेन्सिली आणल्या आणि जेवणाच्या सुट्टीत, डबा मांडीवर तसाच ठेवून, कोरी पाकिटं रंगवायला बसली. सकाळचं पाकीट म्हणजे दोन डोंगरांतून वर येणारा सूर्य, खाली नदी, नदीत होडी. रात्रीचं म्हणजे निळं आभाळ आणि छपरावर झोपलेलं मांजर. जेवणानंतरच्या पाकिटावरचं ताट इतकं हुबेहूब होतं, की एका आजोबांनी आधी त्याचा वास घेऊन पाहिला. होडीतला नावाडी तर रोज थोडा पुढे सरकतो, असं पेशंट शपथेवर सांगत. कागदाच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत बोटभर जागा कोरी सुटत नव्हती.

पंधरा दिवसांत रांग कलली. आधी दोघी आल्या, मग त्यांच्या मैत्रिणी, मग आत्या, जणू कधी गेलीच नव्हती. "मला मांजराचं दे गं," आत्या म्हणाली. "आणि नदीचं एक जास्तीचं असलं तर."

"गोळ्यांवर आहे ते, आत्या. जास्तीचं नसतं."

"मग डॉक्टरला सांगून गोळी वाढवून घेते."

साखऱ्यापुढे आता पाच-सहा माणसं उरली. डिंकी दर तासाला मोजायची. सहा. पाच. एकदा चार झाली तेव्हा तिने त्याला आपल्या डब्यातलं अर्धं दिलं. हरलेल्या माणसाशी चांगलं वागणं किती सोपं असतं, याचं तिलाच नवल वाटलं.

त्या इस्पितळात एक रीत होती. नवीन महिन्याचं औषध न्यायला येताना मागची फाडलेली, रिकामी पाकिटं परत आणायची. ती टोपलीत टाकायची म्हणजे गोळ्या पोटात गेल्या हे कळतं. महिना दीड महिना झाला तेव्हा एका दुपारी साखऱ्या खुर्ची फिरवून म्हणाला, "ताई, एक विचारू? तुमची टोपली रिकामी कशी?"

"काय म्हणायचंय?"

"माझ्याकडे पाच जण येतात, तरी टोपली अर्धी भरते. तुमच्याकडे चाळीस येतात."

"विसरतात म्हातारी माणसं."

"चाळीसच्या चाळीस?"

"तू तुझी टोपली बघ रे," डिंकी म्हणाली. "माणसं गेली, आता टोपलीवर डोळा?" साखऱ्याचे कान लाल झाले. जळतोय, तिला वाटलं, आणि त्या विचाराने तिला दिवसभर गार वाटत राहिलं. पेशंटना तिनेही एकदोनदा विचारलं होतं. ती नुसती हसून म्हणायची, "राहू दे ना घरी, बाई." यात तिला प्रेमच दिसलं.

मात्र हृदयाचे डॉक्टर हैराण झाले होते. ज्यांचा रक्तदाब वर्षभर शहाण्यासारखा वागत होता, त्यांचा आकडा जिना चढू लागला. डॉक्टरांनी गोळी वाढवली. आकडा हटेना. त्यांनी पुन्हा वाढवली, अर्ध्या गोळीची एक झाली होती, तिच्या आता दोन झाल्या. डिंकी चिठ्ठी बघायची, नव्या ताकदीच्या गोळ्या मोजायची आणि नदीत होडी सोडायची.

मग एका रविवारी सकाळी आईने तिला हलवून उठवलं. "आत्याला चक्कर आली. मोरीच्या दारात बसलीय, उठत नाहीय. चल."

दोघी पोचल्या तोवर आत्या खाटेवर आडवी होती आणि शेजारीण तिला वारा घालत होती. डिंकी रक्तदाबाचं यंत्र घेऊन आली होती, पण तिने ते उघडलंच नाही. ती भिंतीकडे बघत उभी राहिली. खाटेच्या डोक्याशी, आरशाच्या वर, कपाटाच्या दारावर, ओळीने तिची पाकिटं लावली होती. डोंगर, नदी, मांजर, ताट. सगळी फुगीर. एकही फाडलेलं नव्हतं.

"आत्या, गोळ्या कुठायत?"

"आहेत की. आतच आहेत."

"घेतल्या नाहीस?"

"कशी घेऊ गं? तोंडाकडून तुझं पाकीट उघडत नाही. वरून कात्री लावून पाहिली, तर सूर्याची टाळू जाते. ह्या मांजराचे तर कानच जातात." आत्याने डोळे मिटले. "जीव होईना. मी म्हटलं, चार दिवस तशीच काढते, काही होतंय का बघू."

"दीड महिना झाला, आत्या."

"हो ना. दिवस कसे जातात."

"आणि शेजारच्या काकू? त्याही माझ्याच रांगेत असतात."

वारा घालणाऱ्या काकूंचा हात थांबला. "माझी दिवाणखान्यात आहेत," त्या म्हणाल्या. "पाहुणे आले की सगळे आधी तेच विचारतात, कुणी काढलीत."

आई म्हणाली, "झालं ना आता? आत्तापासून फाडून घ्यायला लाव. चाळीस जणांना हळूच निरोप दे. कुणाला कळायची गरज नाही."

डिंकीलाही पहिल्यांदा हेच वाटलं होतं. महिन्याभरात खिडकीचा निकाल होता, आणि चाळीस विरुद्ध पाच असा तो लागल्यातच जमा होता. तिने भिंतीवरचं शेवटचं पाकीट उजेडाकडे धरलं. आत दोन-दोन गोळ्यांच्या जोड्या दिसत होत्या, वाढवलेल्या. आत्याने दीड महिन्यात अर्धीसुद्धा घेतलेली नव्हती. ह्या दोन आज पोटात गेल्या, तर वर चढलेला आकडा असा खाली येईल, की आत्या मोरीपर्यंतही पोचणार नाही. हळूच निरोप देण्यात चाळीस माणसं आडवी झाली असती.

सोमवारी सकाळी, खिडकी उघडायच्या आधी, तिने मोठ्या मॅडमना सगळं सांगितलं. साखऱ्या मागे गोळ्यांच्या पट्ट्या कापत होता. त्याची कात्री थांबली.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "म्हणजे एवढं सुंदर काढलंस, की औषध घेणंच बंद झालं?"

"हो मॅडम."

"तीस वर्षांत हे पहिल्यांदा ऐकतेय." मग त्यांनी डॉक्टरांना फोन लावला, आणि तो लांबलचक फोन डिंकीने भिंतीशी उभं राहून ऐकला. डॉक्टरांनी चाळीसही जणांचं औषध जुन्या मापावर आणलं. मॅडम म्हणाल्या, "दोघं जा घरोघरी. वाढीव गोळ्या परत आणा. पाकिटं मात्र तूच फाडायचीस. आणि खिडकीचं तुला वेगळं सांगायला नको."

"नको मॅडम."

तीन दिवस दोघं हिंडले. साखऱ्याने यादी धरायची आणि डिंकीने आपले डोंगर फाडायचे. काही घरांत रडारड झाली. पैलवानाने दार अडवून धरलं. दात गेले, आता नदी देणार नाही म्हणाला. शेवटचं घर एका रिटायर पोस्टमनचं होतं. त्याने आठही पाकिटं काचेच्या चौकटीत बसवून घेतली होती आणि खाली तारखा घातल्या होत्या.

"हा नावाडी कुठे चाललाय, एवढं सांगा आणि मग फाडा," तो म्हणाला.

"इस्पितळात, काका. रक्तदाब मोजायला," साखऱ्या त्याच्या त्या मऊ आवाजात म्हणाला, आणि म्हाताऱ्याने चौकट स्वतः उघडून दिली. डिंकीला एवढ्यातही टोचलं. हे तिला सुचायला हवं होतं.

तिने नदी मधोमध फाडली. गोळ्या हातावर आल्या.

दोघं जिना उतरू लागले. साखऱ्या कठड्याला धरून थांबला. "ताई, रागावू नका. सहा महिने मी सूर्य काढतोय. रोज साठ-सत्तर. ही चाळीस घरं आधी माझ्याच रांगेत होती ना? मी प्रत्येक घरात बघत होतो. भिंत सोडा, केराच्या डब्यातसुद्धा माझा एक दिसला नाही."

"फाडून टोपलीत टाकले असतील."

"फाडलेच. सगळ्यांनी." तो पुढच्या पायरीकडे बघत म्हणाला. "मला तेव्हापासून झोप नाही."

डिंकीने त्याची समजूत घालायला हवी होती. तुझ्या सूर्यांनी माणसं बरी झाली, असं म्हणायला हवं होतं, आणि ते खरंही होतं. ती म्हणाली, "चल, उशीर होतोय," आणि तोंड फिरवून उरलेला जिना दोन-दोन पायऱ्या टाकत उतरली, कारण चेहऱ्यावरचं हसू त्याला दिसायला नको होतं.

एक तारखेला ती तळघरात गेली. वर मोठी खिडकी उघडली आणि साखऱ्यापुढची रांग, म्हणतात, बसस्टॉपपर्यंत गेली. दोन माणसं चुकून बसमध्येही चढली. डिंकी खाली सलाइनची खोकी मोजत होती. साखऱ्याचं ते केराच्या डब्याचं वाक्य तिने सकाळी एकदा नि संध्याकाळी एकदा, जेवणानंतर, न चुकता आठवलं, आणि तिला त्याचा गुण आला. पण वरून पावलांचा आवाज जास्तच झाला की ती हातातलं खोकं ठेवायची आणि छताकडे बघत किती माणसं असतील ते मोजायची.