केळीचा दोर आणि आबांचं धोतर

वच्छलाला शाळेत सगळं सापडायचं. नकाशात लंका सापडायची, गणितात चुकलेला हातचा सापडायचा, गुरुजींचा हरवलेला चष्मासुद्धा तिनंच शोधून दिला होता. सापडायचा नाही तो फक्त स्वतःचा परकर! शाळेची पहिली घंटा झाली की घरात तिची हाक घुमायची, "आई, माझा निळा परकर कुठंय?" आणि आई चुलीपुढून न उठता सांगायची, "तुझ्या अंगावर आहे."

म्हणून गुरुजी जेव्हा ओट्यावर येऊन म्हणाले, की सातवीनंतर या मुलीला जळगावला मुलींच्या वसतिगृहात पाठवा, ही मॅट्रिक होईल, तेव्हा तिचे आजोबा चुडामण आबा खदखदून हसले.

"गुरुजी, तिथं हिचा परकर कोन शोधीन?"

सगळं घर हसलं. वच्छला हसली नाही. तिला ते हसू चपलेतल्या खड्यासारखं टोचत राहिलं.

त्याच साली दिवाळीच्या सुट्टीत आबांनी द्वारकेला जायचं काढलं, आणि तेही मुंबईहून आगबोटीनं. "आपली केळी रावेरहून दिल्लीपर्यंत फिरून येतात," ते म्हणाले, "अन् मी भुसावळच्या पुढं गेलो नाही. मले समुद्र पाहायचा हाय." आबा, वच्छलाचे वडील रुपचंदभाऊ, आई सुंदरबाई, सोनगीरला दिलेली, तिकडची अहिराणी बोलणारी भागाबाई आत्या, वच्छला आणि तिच्या धाकट्या बहिणी लता नि बेबी, अशी सात माणसं ठरली.

आई डोक्याला हात लावून म्हणाली, "सात जणांचे कपडे! बोटीवर धुवायचे कुठं, ठेवायचे कुठं?"

वच्छला टुणकन उभी राहिली. "मी सांभाळते! सगळ्यांचे. एक कपडा जरी हरवला किंवा खराब झाला, तर जळगावचं नाव काढणार नाही."

आबांनी पान चघळायचं थांबवलं. नातीकडे नीट पाहिलं. "बरं. द्वारकेच्या देवळात मी बगळ्यासारख्या पांढऱ्या धोतरात उभा राह्यलो, तं जळगाव पक्कं. नाही तं गप घरी बसायचं. कबूल?"

"कबूल!"

"आते व्हई गयं!" भागाआत्या म्हणाली. "हाई पोर आपला बठ्ठासना कपडा समुद्रम्हा टाकी दी."

ही पोर सगळ्यांचे कपडे समुद्रात टाकेल, या आत्याच्या भाकिताकडे वच्छलानं लक्षच दिलं नाही. रावेर स्टेशनावर केळीचं वॅगन भरताना तिनं भाऊंना कितीदा पाहिलं होतं. जो माल आधी उतरायचा तो शेवटी भरायचा, हा भाऊंचा नियम. तिनं तोच उचलला. माणसागणिक बोचकी न बांधता दिवसागणिक बांधली. सोमवारचं सगळ्यात वर, त्याखाली मंगळवारचं, आणि ट्रंकेच्या अगदी तळाशी बुधवारचं, देवदर्शनाचं. त्यातच आबांचं जळगावहून आणलेलं नवंकोरं धोतर, घडीही न मोडलेलं. प्रत्येक गाठीला चिठ्ठी टाचली. आई बघत राहिली. मग शेजारच्या सुनंदाबाईंना मुद्दाम बोलावून ट्रंक उघडून दाखवली!

निघताना आबांनी तिच्या हातात एक वेटोळं दिलं. केळीच्या खोडाच्या वाळक्या सोपटांचा दोर, त्यांनी स्वतः वळलेला. आमच्याकडे त्या दोरानं बैल बांधतात, भारे बांधतात, झोकेही बांधतात. "बोटीवर कपडे वाळत घालाले लागीन," ते म्हणाले.

सोमवारी सकाळी बोट सुटली. समुद्र पाहून आबांनी हात जोडले, मग थोड्या वेळानं विचारलं, "याचा पलीकडचा काठ कोनत्या गावाले लागते?" डेकवर ताडपत्रीखाली सतरंजी टाकून सगळे बसले. तासाभरात लताला उलटी झाली. तिचं बघून बेबीला झाली. त्या दोघींना सावरता सावरता आईच्या लुगड्याचं जे व्हायचं ते झालं. दुपारी बारालाच सोमवारचं बोचकं संपलं!

वच्छला डगमगली नाही. बादलीला दोरी बांधून एका खलाशानं समुद्राचं पाणी काढून दिलं. तिनं परकर भिजवला, साबण लावला, घासला. फेस येईना. आणखी घासला. फेसाऐवजी नासलेल्या दुधासारखे पांढरे कण तरंगायला लागले.

"साबणले बी बोट लागनी वाटतं," आत्या म्हणाली. ती स्वतः लिंबू हुंगत आडवी पडली होती, पण तोंड शाबूत होतं.

गोडं पाणी मोजून मिळायचं, प्यायलाच जेमतेम पुरायचं. तेव्हा खाऱ्या पाण्यातच खळबळून वच्छलानं ते कपडे पिळले. कठड्यापासून खांबापर्यंत केळीचा दोर ताणला आणि त्यावर लाल, हिरवी, जांभळी लुगडी-परकर फडफडायला लागले. वाळले ते पापडासारखे कडक. संध्याकाळच्या हवेनं पुन्हा दमट. पण कामापुरते झाले. मंगळवारची सकाळ उजाडली तेव्हा सगळ्यांच्या अंगावर धड कपडे होते, आणि वच्छला मनातल्या मनात जळगावच्या वसतिगृहाच्या खिडकीपाशी बसून भूगोल वाचत होती.

तेवढ्यात एक लाट डेकवर चढली. फार मोठी नव्हती, घोटाभर पाणी आलं आणि गेलं. बायका किंचाळल्या, हसल्या. पण जाता जाता ते पाणी ट्रंकेखालून गेलं होतं. वच्छलानं झाकण उघडून तळाशी हात घातला तर बुधवारचं बोचकं चिंब!

तेव्हा तिला कळलं, वॅगनला खालून पाणी लागत नाही. बोटीला लागतं. जे सगळ्यात जपायचं तेच तिनं सगळ्यात खाली ठेवलं होतं.

"वाळेल की," तिनं स्वतःलाच सांगितलं. धोतर झटकलं, दोरावर चांगले तीन पदर घालून पसरलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून टोकांना गाठी मारल्या. इतक्यात लता ओरडली, "अक्का, मासे उड्या मारतायत!" आणि सगळ्या बहिणी कठड्याकडे पळाल्या.

वच्छला परत आली तेव्हा धोतर बरंच वाळलं होतं. तिनं ते काढलं आणि तिचे हात तसेच राहिले. पांढऱ्याशुभ्र कापडावर आडवे तीन तपकिरी पट्टे, बोटभर रुंद, कोणी आखून काढल्यासारखे.

केळीचा डाग! रावेरकडच्या पोराला चालायच्या आधी कळतं, की अंगरखा फाटतो पण केळीचा डाग जात नाही. म्हणून बागेत जायचे कपडे वेगळे आणि लग्नाला जायचे वेगळे. पण तो ओल्या चिकाचा डाग. वाळलेला दोर कधी रंग सोडतो हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं, कारण आपल्या उन्हात तो दोर कधी भिजून राहतच नाही. इथं तो कालपासून खाऱ्या पाण्यात भिजत होता आणि आता गाठीगाठीतून काढ्यासारखं पाणी झिरपत होतं. रंगीत लुगड्यांवर ते दिसलं नव्हतं एवढंच.

खिडकी, भूगोल, मॅट्रिक, सगळं त्या तीन पट्ट्यांखाली गेलं.

आत्यानं आडव्यानंच पाहिलं. मग चक्क उठून बसली. लिंबू बाजूला ठेवलं. "कोणलेच सांगू नको," ती हळूच म्हणाली. "मी निऱ्या घाली दिसू. डाग मझार जाई. आबाले दिसतच नही."

टोमणे मारणारी आत्या वच्छलाच्या बाजूनं! डाग निऱ्यांच्या आत लपवायचा, हे क्षणभर तिला पटलंही. पण मग डोळ्यांपुढं आलं, आबा देवापुढं साष्टांग दंडवत घालतायत, निऱ्या सुटल्यायत, आणि देवाच्या समोर तीन पट्टे. आणि असं लपवून जळगावला गेली, तर रोज स्वतःला काय तोंड दाखवणार होती?

ती धोतर घेऊन आबांपुढं उभी राहिली. "आबा, हे बघा. मी ट्रंकेत तळाशी ठेवलं आणि मीच दोरावर टाकलं."

आबांनी पट्ट्यांवरून अंगठा फिरवला. दोराकडे पाहिलं. "दोर तं मीच वळला," ते म्हणाले. भाऊंनी घसा खाकरला, आई पदराशी चाळा करत राहिली.

"शब्द पांढऱ्या धोतराचा होता, आबा. मी हरले," वच्छला म्हणाली. "पण तुम्ही उद्या पट्ट्यापट्ट्यांचं धोतर नेसून देवापुढं जायचं नाही. डाग काढता येत नाही ना? मग मी तो पसरवते."

"काय?" आई आणि आत्या एकदम ओरडल्या.

"फैजपूरचा रंगारी आपल्याकडची लुगडी रंगवायला न्यायचा, आठवतं? तो रंगात मीठ घालायचा, म्हणजे रंग धरतो. इथं मीठच मीठ आहे. दोर आहे, तो रंग सोडतोय. दोरच उकळू!"

आबांनी भुवया वर केल्या. "अन् नाही जमलं तं?"

"आधी माझी रिबीन बुडवून बघते."

बोटीच्या स्वयंपाक्यानं ऐकून घेतलं, दोनदा ऐकून घेतलं, आणि मोठं पातेलं दिलं. "जेवणाच्या भांड्यात दोरखंड शिजवणारे तुम्ही पहिलेच," तो म्हणाला. समुद्राचं पाणी उकळलं. दोर त्यात वळवळत फिरला. पाणी चहासारखं झालं, मग कडक चहासारखं. वच्छलानं वेणीची पांढरी रिबीन सोडली आणि बुडवली. मनात शंभर आकडे मोजले, मग आणखी शंभर. रिबीन बाहेर आली ती एकसारखी बदामी, कुठं गडद नाही, कुठं फिकट नाही.

"टाक!" आबा म्हणाले.

धोतर पातेल्यात गेलं. भाऊंनी बाह्या सरसावून काठीनं ते खालीवर केलं, अगदी वॅगन भरतानासारखे ओरडत, "तो कोपरा दाब! वर येतोय, दाब!" आजूबाजूच्या सतरंज्यांवरची माणसंही येऊन उभी राहिली. आता खारं पाणी काढायला गोडं पाणी हवं होतं, नाही तर धोतर अंगाला चिकटलं असतं. वच्छला तांब्या घेऊन उभी राहिली, पण मागायची हिंमत होईना.

सगळ्यात आधी आत्यानं आपल्या वाट्याचं पाणी ओतलं. "माले तहान नही," ती म्हणाली. सकाळपासून ती पाणी पाणी करत होती. मग आईनं ओतलं, भाऊंनी, लतानं, बेबीनं. आबांनी आपला तांब्या शेवटी रिकामा केला. कठड्याला सरळ टाकलेलं धोतर दिवेलागणीपर्यंत वाळलं, तेव्हा ते तीन पट्टे त्या रंगात मिसळून गेले होते. ट्रंकेत न ठेवता वच्छलानं ते आपल्या उशाशी घेतलं.

बुधवारी द्वारकेचा किनारा दिसला. किनाऱ्याला नेणाऱ्या छोट्या मचव्यात उतरताना आबा दोनदा झोकांडले, पण धोतराचा सोगा त्यांनी पाण्याला लागू दिला नाही. देवळात पांढऱ्या धोतरांची रांगच्या रांग होती, आणि त्यात आबा एकटेच कोवळ्या उन्हाच्या रंगाचे. दंडवत घालून उठले तेव्हा मागच्या एका म्हाताऱ्या यात्रेकरूनं कापड चिमटीत धरून विचारलं, "हा रंग कोणत्या गावचा?"

"रावेरचा," आबा ताठ होऊन म्हणाले. "माह्या नातीनं केला."

वच्छला एका खांबाआड उभी होती. तिला आनंद झाला, पण तो गिळून टाकावा असंही वाटलं. शब्द तर पांढऱ्या धोतराचा होता.

परतीच्या वाटेवर तिनं जळगावचं नाव काढलं नाही. कपडे मात्र तिनंच सांभाळले. दर्शनाचे, देवाचे, जपायचे सगळे आता ट्रंकेत वर, आणि ट्रंकेखाली दोन विटा. दोर वापरला नाही. मुंबईला उतरल्यावर आबा भाऊंना म्हणाले, "जरा थांबा," आणि बाजारातल्या गर्दीत गेले. बऱ्याच वेळानं आले. हातात पांढऱ्या सुताचं वेटोळं होतं, नवं, घट्ट पिळाचं.

"घे," ते वच्छलाला म्हणाले. "तीस हात हाय. दुकानदाराले भिजवून दाखवाले लावलं. रंग सोडत नाही."

"कशाला आबा? घरी आहे की तार."

"घरी हाय. जळगावले कुठी हाय?"

भागाआत्या हसायला लागली, आई डोळे पुसायला लागली. आणि वच्छलानं तिथंच, रस्त्याच्या मधोमध, वेटोळं सोडून हात पसरून वाव-वाव दोरी मोजायला घेतली. वसतिगृहाची खोली किती लांब असेल ते अजून तिला ठाऊक नव्हतं.