डबीवरचं पान

"सून लेप लावतीया का मला गंजेटी करतीया, देव जाणं," सासूबाई पुटपुटल्या. गुडघा मात्र त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला नाही. "आजून जरा वर. व्हय, तिथंच."

हा लेप मीच करते. राहात्याच्या बाजारामागे दोन खोल्या घेतल्यात, आयुर्वेदिक परवाना काचेत लावलाय. लेपात भांगेच्या झाडातलं सीबीडी नावाचं दुखणं कमी करणारं द्रव्य असतं. त्याने नशा चढत नाही. हे सगळं मी मोबाईलवर इंग्रजी वाचत, अडखळत शिकले. डबीवर त्या झाडाचं हिरवं पान छापलं, कारण चोरी थोडीच करतेय?

गावाला कळलं एवढंच, की मी, प्रेमला, गांजा विकते. दुकानदार माल ठेवीनात. बाया मागच्या दाराने येतात, डबी घेतात आणि लेबल माझ्याच उंबऱ्यावर नखाने खरवडून जातात. संध्याकाळी ती पानं मी केरात भरते. बरं वाटतं म्हणतात, पण कानात.

आता नगरच्या प्रदर्शनात आमच्या बचत गटाला एक गाळा मिळणार होता. तिथे डबी उघड्यावर मांडता आली असती, नाहीतर हा धंदा मागच्या दारातच संपणार होता.

बैठक मारुतीच्या मंडपात होती. अध्यक्ष मनकर्णाआक्का आल्या. मी विचारलं, "आक्का, गोरक्षचा अभ्यास कसा चाललाय?" त्यांचा मुलगा नगरला शिकतो, असंच सगळे बोलतात. असं विचारायची आमची रीतच आहे.

"चाललाय," आक्का म्हणाल्या.

कुरडया मंजूर झाल्या. लोणची, शेवया मंजूर झाल्या. माझ्या लेपाचं नाव निघालं.

"ते गटाच्या नावावर न्हाई जायाचं," आक्का म्हणाल्या.

"का?"

"न्हाई म्हंजी न्हाई."

"ऱ्हाऊ द्या ना मामी, म्होरल्या साली बघू," शेजारची मोनिका सतरंजीकडे बघत मला म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "मागच्या वेळी मंडपवाल्याच्या खुर्च्या आणल्या होत्या, आठवतं का गं? एकीचेही गुडघे वाकत नव्हते. आज आणलेली थप्पी कोपऱ्यात तशीच पडलीय आणि सगळ्या मांडी घालून बसल्यात! आक्कासुद्धा!"

कुणीतरी फिसकन हसलं.

"शिवरात्रीला बाप्ये इथंच भांग घोटतात. त्यांचे पेले आपण धुतो. तेव्हा नाही जात गावाची अब्रू? मी परवाना काढून लेप केला, तर मी गंजेटी?"

"प्रेमले, खाली बस," मागे बसलेल्या सासूबाई हळूच म्हणाल्या. मोनिकाने माझा पदर ओढला. मला वाटलं, ह्याही त्यांच्यातल्याच.

मी पिशवीतून डबी काढली आणि आक्कांच्या पुढ्यात ठेवली. "ह्या पानानं तुमचं काय वाकडं केलं, तेवढं सांगा."

आक्कांनी डबी उचलली, पालथी केली, पान जमिनीकडे करून ठेवली. तळहात वर दाबून धरला.

"माझा गोरक्ष गांजा वढतो," त्या म्हणाल्या. "शिकायला न्हाई त्यो. नगरला व्यसन सोडवायच्या दवाखान्यात हाय, दुसऱ्यांदा. तुमा समद्यांना ठावं हाय. तरी येता-जाता इचारता, अभ्यास कसा चाललाय."